ब्लॉकचं बूच काढलं, पण पाणी आलं का? स्टर्नड्राइव्ह हिवाळ्यासाठी ठेवताना

स्टर्नड्राइव्ह, म्हणजे इंजिन बोटीच्या आत आणि पंखा फिरवणारा ड्राइव्ह मागे बाहेर, अशा बोटवाल्यांची तक्रार दर वर्षी मे महिन्यात येते आणि तिचे शब्दही ठरलेले असतात. "ऑक्टोबरमध्ये सगळं नीट केलं होतं. गुलाबी अँटिफ्रीझचे पाच गॅलन इंजिनातून फिरवले, मागून गुलाबी पाणी पडताना स्वतः बघितलं. आणि आता डिपस्टिक काढली तर ऑईल जास्त दूध पडलेल्या चहाच्या रंगाचं!" कुणाचं इंजिन ठणठणीत असतं, पण ड्राइव्हमधलं गिअर ऑईल दुधाळ निघतं. कुणाची बोट पाण्यात उतरली की थोड्या वेळाने बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाशी, पाणी दिसायला लागतं आणि शोधत गेलं की मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या, पाण्याने थंड होणाऱ्या ओतीव भागाला, बारीक भेग सापडते.

तिन्ही तक्रारींच्या मागे बहुतेक वेळा एकच गोष्ट असते. पाणी निघून गेलं असं धरून बोट झाकली, आणि ते गेलेलं नव्हतं. अँटिफ्रीझ कुठल्या कंपनीचं, किती गॅलन, यावर लोक तासभर वाद घालतात. इंजिन खरंच रिकामं झालं का हे बघायला त्याहून कमी वेळ लागतो, पण तो कुणी देत नाही.

पुढचं सगळं मिशिगन, ओहायो, ओंटारिओ या पट्ट्यातल्या थंडीला धरून लिहिलं आहे. उदाहरणाला मर्क्रूझरचं ४.३ लिटरचं व्ही-६ इंजिन आणि अल्फा वन जनरेशन टू ड्राइव्ह घेतो. सेकंडहँड अठरा-वीस फुटी बोट घेतली की बऱ्याचदा हीच जोडी पदरात पडते. तुमच्याकडे मर्क्रूझरचाच ब्राव्हो ड्राइव्ह किंवा व्होल्वो पेंटा असेल तर पंपाची आणि बुचांची जागा बदलेल, तेव्हा मॅन्युअल जवळ ठेवा. तत्त्व तेच.

आउटबोर्डवाल्या मित्राचं ऐकू नका

आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर लटकणारी मोटर, उभी केली की तिच्यातलं पाणी आपसूक खाली गळून जातं. म्हणून तो मित्र सांगतो, "काही करावं लागत नाही रे, इंजिन खाली सोडून ठेव." त्याच्यापुरतं ते बरोबर आहे. स्टर्नड्राइव्हमध्ये मोटारीच्या जातकुळीचं लोखंडी इंजिन बोटीच्या पोटात आडवं बसलेलं असतं आणि फक्त ड्राइव्ह मागच्या फळीबाहेर लटकतो. व्होल्वो पेंटाने १९५९ मध्ये ॲक्वामॅटिक बाजारात आणली, तेव्हापासून ही मांडणी मुळात बदललेली नाही. ड्राइव्ह सरळ खाली सोडला तर त्याच्यातलं पाणी उतरतं, पण ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा ओतीव लोखंडी गाभा, आणि मॅनिफोल्डच्या कप्प्यांतलं पाणी कुठेही जात नाही. बूच काढेपर्यंत ते तिथेच.

त्यात ही बहुतेक इंजिनं तळ्याच्याच पाण्यावर थंड होतात. मोटारीसारखं आत कायम कूलंट नसतं. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि ओतीव लोखंड ताणलं जात नाही, तडकतं. ब्लॉकच्या बाजूला पत्र्याच्या गोल टोप्या असतात. थंडीत आधी त्या उडतील आणि ब्लॉक वाचेल, असा एक समज आहे. त्याच्या भरवशावर राहू नका. टोप्या जागच्या जागी आणि ब्लॉक मात्र फुटलेला, हे नेहमीचं दृश्य आहे. काही इंजिनांत स्वतंत्र कूलंट आणि हीट एक्स्चेंजर असतो. त्यांचा ब्लॉक सुरक्षित, पण एक्स्चेंजरची तळ्याच्या पाण्याची बाजू आणि बऱ्याच मॉडेल्समध्ये मॅनिफोल्डसुद्धा रिकामे करावेच लागतात.

गुलाबी पाणी बाहेर पडलं म्हणजे काय सिद्ध झालं?

फक्त एवढंच, की मॅनिफोल्डमधून गुलाबी पाणी गेलं.

ड्राइव्हला कानटोप्या, म्हणजे पाणी ओढणाऱ्या भोकांवर बसणाऱ्या रबरी टोप्या, लावून, बादलीतून अँटिफ्रीझ ओढायची पद्धत सगळ्यांना आवडते, कारण गुडघ्यावर बसून हात काळे करावे लागत नाहीत. पण आतला रस्ता बघा. पंपाकडून येणारं पाणी आधी थर्मोस्टॅटच्या, म्हणजे इंजिन तापल्यावर उघडणाऱ्या झडपेच्या, घरात येतं. इंजिन गार असताना थर्मोस्टॅट बंद असतो, त्यामुळे आलेलं पाणी बहुतांश मॅनिफोल्डकडे वळतं आणि धुराबरोबर बाहेर पडतं. ब्लॉकमधलं पाणी आतल्या आत फिरत राहतं. थर्मोस्टॅट उघडतो तो १६० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण ७१ अंश सेल्सिअसच्या सुमारास. "मग आधी इंजिन गरम करून घेतो," असं म्हणाल, तर गार अँटिफ्रीझ आत आलं की थर्मोस्टॅट पुन्हा मिटायला लागतो आणि पाच गॅलन बघता बघता संपतात. ब्लॉकमध्ये नेमकं किती शिरलं हे बाहेरून कळायला मार्ग नाही. मागे पडणारा रंग बघून समाधान होतं, पण तडकतो तो ब्लॉक.

दुसरी गोष्ट बाटलीवरच्या आकड्याची. "उणे ५०" असं छापलेलं असतं ते फॅरनहाइटमध्ये, सेल्सिअसमध्ये उणे ४६ च्या आसपास. तो आकडा पाईप फुटू नये यासाठीचा आहे, आणि तोही पातळ न केलेल्या द्रवाचा. ते द्रव लगद्यासारखं व्हायला त्याच्या कितीतरी आधी सुरुवात होते. आत राहिलेल्या पाण्यात ते मिसळलं की आकड्याला काही अर्थ उरत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: आधी सगळं काढा, मग वाटलं तर वरच्या पाईपांतून हाताने अँटिफ्रीझ ओता. आतल्या भिंती उघड्या राहून गंज धरू नये म्हणून ओतणं चांगलंच. पण ते प्रोपिलिन ग्लायकॉलचं, गुलाबी. मोटारीचं हिरवं एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं आणि वसंतात ते थेट तळ्यात जाईल.

पाणी काढताना

पहिल्यांदा बोट ट्रेलरवर समतल किंवा नाकाकडून किंचित उंच करा. इंजिन मागे उतरतं बसवलेलं असतं आणि बरीचशी बुचं त्या उताराचा विचार करून ठेवलेली असतात. नाक खाली झुकलं की कप्प्याच्या पुढच्या टोकाला पाणी साचून राहतं.

मग कानटोप्या लावून, नळ सोडून इंजिन चालवून गरम करा. पेट्रोल साठवणीत खराब होऊ नये म्हणून त्यात स्टॅबिलायझर याच्या आधीच टाकलेला असू द्या, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत तो इंजेक्टर किंवा कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचतो. नळ सोडल्याशिवाय चावी फिरवायची नाही. पाण्याच्या पंपातला इंपेलर रबराचा असतो आणि कोरडा फिरला तर काही सेकंदांत जळतो. इंजिन गरम असतानाच ऑईल आणि फिल्टर बदलून टाका. वापरलेल्या ऑईलमधली ओल आणि आम्ल सहा महिने बेअरिंगांवर बसून राहू नये, हे त्याचं कारण. "नवं ऑईल वसंतात घालू" हा विचार उलटा आहे.

आता बुचं. पुढे तोंड करून उभं राहिल्यावर डावं-उजवं धरा. ब्लॉकच्या दोन्ही अंगांना, मॅनिफोल्डच्या खाली, इंजिन माउंटच्या जवळ एकेक. दोन्ही मॅनिफोल्डच्या तळाला एकेक. जुन्या इंजिनांना पितळी बुचं असतात, ती पान्याने काढावी लागतात. नंतरच्या इंजिनांना निळ्या प्लास्टिकची, हाताने फिरणारी. ४.३ मध्ये उजवीकडचं बूच दिसत नाही, हात घालून बोटांनीच शोधावं लागतं. बरेच जण डावीकडचं काढून समाधान मानतात ते इथेच. काही इंजिनांत एका जागी हवा भरून सगळी पाणद्वारं उघडायची सोय आहे. सोय छान आहे, पण एखादं निळं बूच हाताने उघडून खात्री करून घ्या.

या कामातला सगळ्यात महत्त्वाचा भाग पुढचा. बूच काढलं आणि पाण्याची धार आली नाही, नुसते चार थेंब गळले, तर ब्लॉक रिकामा आहे असं समजू नका. तिथे गाळ बसलाय. आतल्या गंजाचे पापुद्रे आणि तळ्यातली वाळू सगळ्यात खालच्या जागी साठते, आणि सगळ्यात खालची जागा म्हणजे बुचाचं भोक. कपड्याच्या हँगरची तार सरळ करून आत घाला आणि फिरवत टोचा. आधी ओलसर, तांबूस चिखल तारेला चिकटून येतो. मग एकदम काहीतरी सुटतं आणि गंजाच्या रंगाचं पाणी मनगटावरून बिल्जमध्ये वाहायला लागतं. ते थांबलं की पुन्हा टोचा. बऱ्याचदा दुसरा लोट येतो. खाली मिठाईचा रिकामा प्लास्टिकचा डबा धरा, म्हणजे दोन्ही बाजूंनी साधारण सारखं पाणी आलं का ते कळतं. एका बाजूने भरपूर आणि दुसऱ्या बाजूने वाटीभर, तर दुसऱ्या बाजूचं काम संपलेलं नाही. चारही बुचांना हेच करायचं.

त्यानंतर थर्मोस्टॅटच्या घरापासून इंजिनाच्या पंपाकडे जाणारा जाड पाईप पंपाकडून सोडा. त्यातून निघणारं पाणी बघून आश्चर्य वाटतं. ड्राइव्हकडून येणारा पाईप सोडा. पॉवर स्टिअरिंगचा छोटा कूलर याच रस्त्यात असतो आणि तो हमखास विसरला जातो. इंजेक्शनच्या इंजिनांना इंधनाचाही कूलर असतो, तोही बघा. ओलं-सुकं ओढणारा व्हॅक्यूम असेल तर पाईपांच्या तोंडाला लावून उरलंसुरलं खेचून घ्या. शेवटी सुरक्षादोरी काढून, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही असं बघून, स्टार्टर क्षणभर मारा. अल्फाचा पाण्याचा पंप ड्राइव्हमध्ये असतो, त्यातलं अडकलेलं पाणी त्या झटक्याने पडतं. ब्राव्होचा पंप इंजिनाला पट्ट्याने जोडलेला असतो, त्याचे पाईप वेगळे सोडावे लागतात.

काढलेली बुचं लगेच लावायची की हिवाळाभर मोकळी ठेवायची, यावर दोन पक्ष आहेत. अँटिफ्रीझ ओतणार असाल तर लावावीच लागतील. नुसतं रिकामं ठेवणार असाल तर मी मोकळी ठेवण्याच्या बाजूचा आहे. पिशवीत घालून पिशवी स्टिअरिंगला बांधा. चावीही त्यातच टाका, म्हणजे मे महिन्यात उत्साहाच्या भरात बुचं न लावता इंजिन सुरू होणार नाही.

"आमच्याकडे एवढी थंडी पडत नाही"

हे वाक्य डॅलस आणि अटलांटाकडच्या मंडळींचं. तिथले लोक वर्षभर बोट वापरतात, पाणी काढत नाहीत, आणि थंडीची लाट आली की इंजिनाच्या खोलीत छोटा हीटर किंवा बल्ब लावून ठेवतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्ससमध्ये काय झालं ते आठवा. १६ तारखेला डॅलसला पारा उणे २ फॅरनहाइटवर, म्हणजे उणे १९ सेल्सिअसच्या जवळ गेला आणि त्याच वेळी राज्यभर वीज गेली होती. वीज नाही तर हीटर कशावर चालणार? लाटेचा अंदाज आला की चार बुचं काढून ठेवणं हाच त्यावर उपाय, आणि तो फुकट आहे.

आणखी एक बारकावा. बोट पाण्यात असेपर्यंत तळ्याची ऊब इंजिनाच्या खोलीला थोडीफार मिळत असते. ट्रेलरवर चढवली की ती गेली, खालून-वरून वारा लागतो. म्हणून "गेल्या आठवड्यात थंडी पडली होती, काही झालं नाही" हा अनुभव बोट बाहेर काढल्यावर लागू पडत नाही. ज्या दिवशी बाहेर काढाल त्याच दिवशी पाणी काढा. मिशिगनमध्ये तर २०१९ पासून रस्त्यावर बोट नेण्याआधी बिल्जचं बूच काढून पाणी सोडणं कायद्यानेच बंधनकारक आहे. ते झेब्रा शिंपल्यांसारखे जीव एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाऊ नयेत म्हणून. हे शिंपले इथल्याच लेक सेंट क्लेअरमध्ये १९८८ मध्ये सापडले. तेव्हा रॅम्पवर पान्याची पेटी उघडलेलीच असते, लगे हात इंजिनाचंही उरकून घ्या.

गिअर ऑईल: ऑक्टोबरमध्येच बघा

ड्राइव्हचं ऑईल वसंतात बदलणारे बरेच आहेत. ऑईल स्वच्छ असेल तर फार बिघडत नाही. पण ते स्वच्छ आहे की नाही हे काढल्याशिवाय कसं कळणार? त्यात पाणी असेल तर ते तळाशी जाऊन बसतं, गोठतं आणि ॲल्युमिनियमचं गिअरकेस फोडतं.

बोट रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी, तळाचा स्क्रू किंचित सैल करा. काही ड्राइव्हमध्ये पंखा (प्रोपेलर) काढल्याशिवाय हा स्क्रू हाती लागत नाही. पाणी ऑईलपेक्षा जड, त्यामुळे पहिले थेंब तेच येतात. पहिल्या थेंबापासून ऑईलच आलं आणि ते आरपार दिसणारं असेल तर निश्चिंत व्हा. आधी स्वच्छ पाणी आणि मग ऑईल आलं, किंवा सगळंच दुधाळ आलं, तर कुठूनतरी पाणी शिरतंय. स्क्रूच्या चुंबकी टोकावर करडी, मऊ पेस्ट असणं चालतं. बोटाला टोचणारे तुकडे असतील तर गिअरची गोष्ट वेगळी, तिथे मेकॅनिक गाठा.

पाणी शिरण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. सगळ्यात स्वस्त कारण आधी बघा: स्क्रूखालचे वायसर. ते दर वेळी नवे घालायचे असतात आणि क्वचितच कुणी घालतं. त्यानंतर पंख्याच्या शाफ्टचं सील. पंखा काढा. त्यामागे मासेमारीचा दोरा गुंडाळलेला आढळला तर सील त्यानेच कापलं असण्याची दाट शक्यता. दोरा पारदर्शक असतो, ग्रीसमध्ये दिसत नाही, नखाने खरवडून बघा. त्यानंतर गिअर बदलणाऱ्या शाफ्टचं सील, आणि यू-जॉइंटचे बेलोज (सांध्यावरचं घड्यांचं रबरी आवरण) फाटल्यामुळे वरून शिरणारं पाणी. कुठलं ते ओळखण्यासाठी ऑईल काढलेल्या ड्राइव्हमध्ये हातपंपाने १० ते १५ पीएसआय हवा भरा, साबणाचं पाणी फवारा आणि बुडबुडे शोधा. दाब टिकला तर शाफ्ट हाताने फिरवत पुन्हा बघा. काही सीलं स्थिर असताना धरतात आणि फिरताना सोडतात.

सील बदलायला आत्ता सवड नसेल तरी ते ऑईल हिवाळाभर आत ठेवू नका. काढून नवं भरा, दुरुस्ती एप्रिलमध्ये करा. भरताना पंपाने खालच्या भोकातून वर भरत न्यायचं. वरच्या भोकातून बुडबुड्यांशिवाय ऑईल यायला लागलं की आधी वरचा स्क्रू घट्ट करायचा, मग खालचा पंप काढायचा. या अल्फाला मॉनिटरच्या, म्हणजे गिअर ऑईलची पातळी दाखवणाऱ्या, बाटलीसकट साधारण १.९ लिटर लागतं. त्यापेक्षा बरंच कमी मावलं तर आत हवा अडकली आहे.

भरून झालं की ड्राइव्ह पूर्ण खाली सोडून ठेवा. ट्रेलरवर उंच दिसावा म्हणून वर उचललेला ठेवला तर दोन गोष्टी होतात: पंख्याच्या पोकळीत पावसाचं आणि बर्फाचं पाणी साचतं, आणि बेलोज सहा महिने ताणलेल्या अवस्थेत राहून घडीवर चिरतात. ड्राइव्हच्या पुढच्या कडेला स्पीडोमीटरचं बारीक भोक असतं, तेही तारेने मोकळं करा.

उरलेलं, पटापट

बॅटरी पूर्ण चार्ज करून तारा सोडा. पूर्ण उतरलेली बॅटरी उणे ७ सेल्सिअसच्या आसपास गोठू शकते, भरलेली मिशिगनच्या थंडीला दाद देत नाही. कार्ब्युरेटरच्या इंजिनात फॉगिंग ऑईल, म्हणजे आतून गंज धरू नये यासाठीचं तेल, फवारा. पेट्रोलचा फिल्टर बदला. इथल्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं आणि ते ओल ओढतं, म्हणून टाकी अर्धी ठेवण्यापेक्षा फुगण्यापुरती जागा सोडून भरलेली बरी. बिल्जचं बूच काढलेलं असू द्या. कोकणात पावसाळ्यासाठी ओढलेल्या होड्या झापांनी शाकारतात, तिथे हवा आपोआप खेळते. इथलं प्लास्टिकचं आवरण चहूबाजूंनी बंद असतं. त्याला झडपा ठेवल्या नाहीत तर गाद्यांना बुरशी ठरलेली.

मे उजाडला आणि ऑईल दुधाळ दिसलं

आधी घाबरू नका. ऑईल भरायच्या झाकणाखाली थोडी पांढरट साय आणि डिपस्टिकवरचं ऑईल मात्र स्वच्छ, तर ती बहुधा हवेतली ओल आहे. डिपस्टिकवरही दुधाळ, किंवा पातळी वाढलेली असेल तर चावी फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर स्टार्टरच्या एका फेऱ्यात कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. सगळे स्पार्क प्लग काढा आणि मग क्रँक करा. ज्या भोकातून पाणी उडेल ते लक्षात ठेवा.

दुधाळ ऑईल त्याच दिवशी काढून नवं भरा, फिल्टरसकट. बेअरिंगांवर पाणी बसलं की गंज धरायला वेळ लागत नाही. मग भेग कुठे आहे ते शोधा. पाण्याचे सगळे पाईप बंद करून कूलिंगच्या मार्गात १५ पीएसआय हवा भरा. ऑईलच्या झाकणाशी कान नेल्यावर फुसफुस ऐकू आली तर ब्लॉक आतून फुटला आहे. या व्ही-६ आणि व्ही-८ ब्लॉकमध्ये ती भेग बऱ्याचदा इनटेक मॅनिफोल्डच्या खाली, लिफ्टरच्या खोबणीत असते, बाहेरून दिसत नाही. हवा बाहेरच्या बाजूने गळत असेल, म्हणजे भेग ब्लॉकच्या बाहेरच्या भिंतीला असेल, तर ती साफ करून इपॉक्सीने किंवा धातूचे टाके मारून काही वर्षं चालवणारे लोक आहेत, आणि ते अगदीच वेड्यासारखं नाही. आतल्या भेगेवर मात्र पैसे घालवू नका, सरळ दुसरा ब्लॉक बघा. तो बसवण्याआधी जुने मॅनिफोल्ड आणि त्यांचे एल्बो, म्हणजे बाकदार जोड, हवेचा दाब देऊन तपासा. ब्लॉक गोठला त्या रात्री तेही तिथेच होते, आणि तडकलेला मॅनिफोल्ड नव्या इंजिनात पाणी घालायला जून उजाडायची वाट बघत नाही.